डिफॉल्टला बंद ठेवलेली गावं

"आमच्या लोकांना हे पहिल्याच स्क्रीनवर नको," पॅट्रिक व्हिडिओ कॉलवर म्हणाले.

२०२१ चा लॉकडाऊन. आयर्लंडमध्ये, सँडीफोर्डच्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल हेच माझं ऑफिस. पॅट्रिक आमचे क्लायंट, पश्चिम आयर्लंडमधल्या एका गावाच्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष. त्या गावचा एक माणूस एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत, मिसिसिपीला जाऊन बडा जमीनदार झाला. त्याच्या वंशजांसाठी आम्ही वेबसाइटवर नकाशा करत होतो.

असा नकाशा लेयरचा असतो, काचेवर काच ठेवल्यासारखा. एका लेयरवर त्याचं घर आणि कापसाची शेतं. दुसऱ्यावर चॉक्टॉ या तिथल्या मूळ लोकांची गावं. सरकारनं त्यांना पश्चिमेला हाकललं, तेव्हाच ती जमीन विक्रीला निघाली. तिसऱ्यावर त्यानं विकत घेतलेल्या गुलामांच्या झोपड्या. शेवटचे दोन लेयर मंडळातल्या मॉरीनबाईंच्या माहितीवर उभे होते. त्या निवृत्त शिक्षिका.

"आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळात याच चॉक्टॉंनी आपल्याला पैसे पाठवले. वर्गात कौतुकानं शिकवलंय मी," त्या म्हणाल्या. "त्यांची जमीन आपल्या माणसानं घेतली, तेही दिसू दे की."

"मॉरीन, पाहुण्यांना घरी बोलावतोय आपण. कोर्टात नाही."

मीटिंग तिथेच अडली. क्लायंटमध्येच भांडण लागलं की आम्ही आयटीवाले एक करतो. कुणालाच नाही म्हणायचं नाही, ऑप्शन द्यायचा. पॅट्रिक आणि माझा मॅनेजर डेक्लन यांच्या वेगळ्या कॉलवर मी म्हणालो, "लेयर ठेवू, फक्त डिफॉल्टला बंद, म्हणजे साइट उघडल्या उघडल्या दिसणार नाहीत. ज्याला हवे तो सुरू करेल."

"ग्रँड," डेक्लन म्हणाला. पॅट्रिक खूश.

पुढच्या डेमोला मॉरीननी विचारलं, "माझी गावं कुठे गेली?"

"मेनूत आहेत. 'इतर माहिती'वर टिक करा."

"इतर." त्या टॅबलेटवर शोधत राहिल्या. "म्हणजे प्रेसमध्ये कोंबून दार लावलंत." प्रेस म्हणजे इकडे भिंतीतलं कपाट. "वर म्हणायचं, कुलूप कुठे लावलंय? पॅट्रिक, ही अक्कल तुझीच."

पॅट्रिकचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. डेक्लनचा चॅट आला, "म्यूटवर राहा." मी राहिलो. मॉरीननी त्याच मीटिंगमध्ये मंडळ सोडलं.

साइट लाइव्ह झाली. अमेरिकेतून मेल आले, घर किती सुंदर! अॅनालिटिक्समध्ये दिसत होतं की ते दोन लेयर जवळजवळ कुणीच उघडत नाही. मग एकदा पॅट्रिकचा फोन आला. कामाचं बोलून झाल्यावर म्हणाले, "मॉरीन शेजारीण आहे रे माझी. कुंपणाशी उभी असते, पण बोलत नाही."

मी मॉरीनना फोन केला. ती कल्पना माझी होती आणि मी गप्प बसलो, असं सगळं सांगितलं. सॉरी म्हणालो.

त्यांनी विचारलं, "आता सुरू आहेत का ते?"

"नाही."

"मग सॉरी कसलं म्हणतोयस?"

कॉन्फिग फाइलमध्ये 'फॉल्स'चं, म्हणजे बंदचं, 'ट्रू' करायचं होतं, एवढंच. मी बगचं तिकीट, म्हणजे दुरुस्तीची नोंद, काढलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: डेव्हलपरचा चुकीचा निर्णय. खाली माझं नाव. मंजुरीसाठी ते पॅट्रिकना गेलं. त्यांनी एकही प्रश्न न विचारता अप्रूव्ह केलं आणि दोन्ही लेयर सुरू झाले.

कुंपणावरचं बोलणं सुरू झालं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. डिफॉल्टबद्दल मात्र एक कळलं. वापरणारा तो बदलायच्या भानगडीत पडत नाही, म्हणून त्याला काय दिसणार, हे डिफॉल्ट लावणाऱ्यानंच ठरवलेलं असतं.