डागाळलेला खिसा

आमच्या आळीतल्या एका माणसाच्या सदऱ्याचा खिसा कायम लाल असतो. कुठंही जेवायला गेला आणि ताटात गावठी टोमॅटो दिसला, की एक फोड रुमालात गुंडाळून खिशात टाकतो. घरी बी काढून फुटक्या बादल्यांत लावतो. मागत मात्र कधी नाही. बाजारचा टोमॅटो दाखवला तर म्हणतो, "हा नाय, हा नाय. चेंडू हाय तो." सगळं दोनदा बोलतो. मला वैताग यायचा. माझी बायको हसायची. "भावोजी, खिशाला कुंकू लावलंत काय?"

तिचा टोमॅटो चपटा, घड्या पडलेला, आंबट. बी राखेत घोळून गोवरीत दाबून ठेवायची. ती गेली तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं. कुणीतरी आंघोळीचं पाणी तापवायला तीच गोवरी चुलीत घातली. तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं. मग मी रोह्याचा बाजार पालथा घातला, पेणचा घातला. तसा टोमॅटो कुठंच नाही.

परवा हा दारात उभा. हातात चपटा, घड्यांचा टोमॅटो.

"वहिनी होत्या तेव्हा तुमच्याकडं जेवलो, तेव्हा उचललेला, उचललेला. बी होतं. तुम्ही शोधताय कळलं, म्हणून पेरलं, दादा."

"चोर हायस तू," मी म्हटलं आणि त्याला हाताला धरून आत घेतलं.

टोमॅटो मीच चिरला. तोच आंबटपणा. पानावरून उठताना एक फोड मी माझ्या खिशात टाकली.