रिंगणीची धुरी

दाढदुखीला वेळ-काळ कळत नाही म्हणतात, ते साफ खोटं आहे. माझ्या दाढेला वेळ-काळ नेमका कळायचा. शाळेत तपासणीला साहेब आले, गॅदरिंग आलं, परीक्षेचे पेपर तपासायला घेतले, की उजवीकडची खालची दाढ ठणकलीच म्हणून समजा. पनवेलच्या एका प्राथमिक शाळेत मी दुसरीच्या वर्गाला शिकवत होते. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. मुलं सातचा पाढा म्हणत असायची आणि मी एका हाताने गाल दाबून दुसऱ्या हाताने फळ्यावर लिहीत असायचे. पुढच्या बाकावरची पोरं माझी नक्कल करून गाल धरून बसायची. एकदा अख्खा वर्ग गाल धरून बसलेला पाहिला तेव्हा मी इतकी चिडले की ओरडायला तोंड उघडलं आणि कळ थेट कानात गेली. नको तो राग, नको ते ओरडणं.

घरी मी आणि आई, दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. दाढ दुखली की आईचे उपाय सुरू व्हायचे. लवंगेचं तेल, हिंगाची गोळी, तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या, पेरूची कोवळी पानं चावणं. सगळ्याने थोडं थोडं बरं वाटायचं. मग मेडिकलमधून आणलेली गोळी. मग आठवडा-पंधरा दिवस शांतता, आणि मला वाटायचं, चला, गेली एकदाची पीडा. ती कुठे जाते? दबा धरून बसलेली असायची.

शेवटी मी स्टँडजवळच्या एका दातांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी आरसा घालून पाहिलं, टकटक केलं, मी खुर्चीतून उडाले. ते म्हणाले, "दाढ चांगली आहे, वाचेल. रूट कॅनाल करू, वर कॅप बसवू." मग त्यांनी आकडा सांगितला. माझ्या महिन्याच्या पगारातून घरभाडं आणि किराणा भागवून तो आकडा कुठून उभा करायचा हे मला काही सुचेना. "काढायची असेल तर स्वस्तात होईल," असंही ते म्हणाले. मी विचार करून सांगते म्हणाले आणि पायऱ्या उतरताना मला रडू आलं. दुखण्याचं नव्हे, अपमानाचं. एका दाढेने माझी लायकी काढली होती.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "काढून टाक. कशाला त्या दाढेचे लाड? कीड पसरते गं. आज एक आहे, उद्या चार होतील."

आईला या बाबतीत बोलायचा अधिकार होता, असं तिचं ठाम मत होतं. कारण तिच्या तोंडात तिचा स्वतःचा एकही दात नव्हता. मला कळायला लागल्यापासून ती कवळी लावायची. तिच्या पस्तिशीत तिने सगळे दात काढून घेतले होते, आणि ही गोष्ट ती लोकांना अभिमानाने सांगायची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचे दात दुखायचे. तिची सासू, म्हणजे माझी आजी, तिला चिरनेरच्या अलीकडच्या एका गावात धुरी देणाऱ्या बाईकडे न्यायची. धुरी घेतली की दातातली कीड बाहेर पडते, पाण्यात तरंगताना डोळ्यांना दिसते. आईची दर वेळी ढिगाने पडायची. तेव्हा आजी म्हणाली, तांदळाच्या डब्यात पोरकिडे झाले की चार दाणे निवडून भागत नाही, डबाच रिकामा करावा लागतो. मग एका हिवाळ्यात आईने एकेक करत सगळे दात काढून घेतले.

"चांगले दिसत होते वरून," आई सांगायची. "पण आतून किडलेलेच. मी या डोळ्यांनी कीड पाहिली आहे."

मी हे ऐकून तिची थट्टा करायचे. मी मुलांना दातांच्या निगेचा धडा शिकवणारी बाई, मला कसली कीड आणि कसली धुरी. पण त्या मार्चमध्ये दाढेने असा काही उच्छाद मांडला की माझी सगळी अक्कल गुंडाळून ठेवावी लागली. बुडत्याला काडीचा आधार. शिवाय धुरी देणारी बाई पैसे घेत नाही, हेही आईने हळूच सांगून ठेवलं होतं. पैसे घेतले तर विद्या जाते, असा त्यांच्या घरातला नियम. एक नारळ न्यायचा, बस्स. मी एका रविवारी आईबरोबर उरणकडे जाणाऱ्या एसटीत बसले.

आईच्या वेळची ती म्हातारी आता नव्हती. तिची मुलगी धुरी देत होती. आईच्याच वयाची, कासोटा घातलेली, काळीसावळी, हसरी. तिने आम्हाला पडवीत बसवलं, नारळ देवापुढे ठेवला, माझा गाल चाचपला आणि म्हणाली, "किती दिस झाले गो बाय? एवढं अंगावर काय काडलंस? आदी येयाचं नाय का?"

तिच्या बोलण्यात काही नाटक नव्हतं. माझ्या वर्गातल्या पोराला खरचटलं तर मी जशी बोलेन तशीच ती बोलत होती. तिने परातीत पाणी ओतलं, मधोमध वीट ठेवली. चुलीत लाल केलेला लोखंडाचा तुकडा चिमट्याने धरून विटेवर ठेवला. त्यावर तेलात भिजवलेलं, रिंगणीच्या काटेरी झुडपाचं बी टाकलं आणि तळाला भोक पाडलेलं मडकं वर पालथं घातलं. भोकात पपईच्या पानाचा पोकळ देठ खोचला आणि त्याचं दुसरं टोक माझ्या तोंडात दिलं. "वड," ती म्हणाली. "गिलू नको. लाळ खाली परातीन सोड."

धुराने माझे डोळे गळायला लागले. मडक्याखाली बी तडतडत होतं. तोंड कडू झालं, मग बधिर झालं. थोड्या वेळाने तिने मडकं उचललं आणि मला म्हणाली, "बग."

पाण्यावर बारीक, पांढऱ्या, वाकड्या अळ्या तरंगत होत्या. शेवयांचा चुरा असावा तशा. एक, दोन नाही, कितीतरी. मी आधी परातीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हे माझ्या तोंडात होतं? याच तोंडाने मी जेवत होते, मुलांशी बोलत होते? मी पडवीच्या कडेला जाऊन थुंकत राहिले, लाळ संपली तरी थुंकत राहिले. इतकी वर्षं आईची केलेली थट्टा माझ्याच अंगावर आली होती.

"आई, मी उद्याच काढून टाकते," मी म्हणाले. "ती एकच कशाला, शेजारच्याही दोन काढते. सगळे काढायचे तर सगळे काढू."

मला आठवतं, हे मी अगदी मनापासून म्हणाले होते. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि बत्तीसच्या बत्तीस दात द्यायला निघाले होते.

आई समाधानाने मान हलवत होती. शेवटी लेक मार्गावर आली. तेवढ्यात तिला वाटलं, आलोच आहोत तर आपणही धुरी घ्यावी. कवळीखाली तिच्या हिरड्या हुळहुळायच्या. तिने पाठ करून, पदराआड कवळी काढली आणि रुमालात गुंडाळली. कवळीशिवाय तिचं तोंड मीसुद्धा क्वचितच पाहिलं होतं. पदर तोंडावर ठेवूनच ती बसली. "मला पण दे गं थोडी," एवढंच ती म्हणाली. त्या बाईने काही विचारलं नाही. नवं बी टाकलं, मडकं ठेवलं, देठ दिला.

बी तडतडलं. बाईने मडकं उचललं. पाण्यावर पुन्हा तशाच पांढऱ्या अळ्या.

"तुजी पन कीड लय हाय," ती बाई म्हणाली. "कंचे बाजूचे दात दुकतात, आये?"

आईने पदर खाली घेतला. तिचं बोळकं आमच्या दोघींपुढे उघडं होतं.

ती बाई पाहतच राहिली. "तुजे तोंडान तं येकबी दात नाय!"

मी परातीकडे बघत होते आणि माझं डोकं चालत नव्हतं. जिथे दातच नाही तिथे दाताची कीड कुठून आली? माझ्या वर्गातल्या सर्वात मठ्ठ पोरानेही विचारला असता असा प्रश्न, आणि तो मला स्वतःशी उच्चारायला भीती वाटत होती.

त्या बाईने जे केलं त्याबद्दल मला आजही तिचं कौतुक वाटतं. ती आमच्यावर खेकसू शकली असती, हिरड्यांतली कीड आहे म्हणून वेळ मारून नेऊ शकली असती. तिने परातीतलं पाणी अंगणात फेकलं. परात घासली, नवं पाणी भरलं, लोखंड पुन्हा लाल केलं. बी टाकलं, मडकं पालथं घातलं. देठ मात्र तिने लावलाच नाही. आम्ही तिघी परातीभोवती बसून राहिलो. तडतड थांबली तेव्हा तिने मडकं उचललं.

पाण्यावर अळ्या होत्या.

तिने एक चिमटीत धरली, बोटावर घेतली, दाबली. मग डब्यातलं एक कच्चं बी घेऊन नखाने फोडलं. आत तसाच पांढरा, वाकडा कोंब होता. अळी नव्हतीच ती कधी. बी तापून फुटायचं आणि कोंब उडून पाण्यात पडायचा.

"माजे आयशीन शिकवलं मना," ती म्हणाली. "आमी कोनाचा पैका नाय घेतला गो. आमी कोनाला फसवलं नाय. आमाला नाय मायती." तिने तो नारळ देवापुढून उचलून आईच्या पिशवीत परत घातला. आईचं लक्षच नव्हतं.

मला खरं तर हसायला यायला हवं होतं. एरवी मी शाळेत जाऊन ही गोष्ट रंगवून सांगितली असती. पण आम्ही एसटीच्या फाट्यापर्यंत चालत गेलो तेव्हा आईने कवळी लावलीच नाही. रुमाल मुठीत धरून ती तशीच चालत होती. दाराशी कोणी आलं तर आधी कवळी शोधणारी माझी आई, भर उन्हात, भर रस्त्यात बोळक्या तोंडाने चालली होती. फाट्यावर माणसं उभी होती, त्यांच्यातही ती तशीच उभी राहिली. मी तिचा हात धरला तर तो गार होता.

घरी आल्यावर तो विषय निघाला नाही. मी काढला नाही, माझी हिंमत झाली नाही. धुरीचा बधिरपणा उतरला आणि दोन-तीन दिवसांत दाढ पुन्हा सुरू झाली, या खेपेला गालाला सूज घेऊन. मी म्हणाले, "आई, कीड असो वा नसो, मला आता सहन होत नाही. काढून मोकळी होते."

आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "हात लावू द्यायचा नाही दाढेला कोणाला," ती म्हणाली. "मुंबईला सरकारी दवाखाना आहे ना, शिकणारी मुलं दात बघतात तो? थोडक्या पैशांत काम होतं तिथे. फक्त नंबर लावायला पहाटे जावं लागतं. मी जाते."

आणि ती गेली. माझी रजा वाया जाऊ नये म्हणून पहिल्या गाडीने जाऊन रांगेत बसायची, मी मागून शाळा अर्धी करून पोचायचे. एका खेपेत भागत नव्हतं. दर खेपेला तीच रांग, तेच बाकडं, आणि आई पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. माझी दाढ एका शिकणाऱ्या मुलीच्या ताब्यात होती. तिचे हात माझ्यापेक्षा जास्त थरथरायचे. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, काढणं सोपं जाईल. आई खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सोपं नको. वाचवा." आईला एवढ्या करड्या आवाजात परक्या माणसाशी बोलताना मी प्रथमच ऐकलं. सूज उतरली, नस साफ झाली, दाढ राहिली. आजही त्याच दाढेने मी सुपारी फोडते.

शेवटच्या खेपेला त्यांचे मोठे डॉक्टर काम बघायला आले. काम चांगलं झालं म्हणाले. मग त्यांचं लक्ष शेजारी उभ्या असलेल्या आईकडे गेलं. तिची कवळी सैल झाली होती, बोलताना हलायची. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, कवळी काढायला लावली आणि अंगठ्याने हिरड्या चाचपल्या. हाड फार झिजलंय म्हणाले, दात जाऊन पुष्कळ वर्षं झालेली दिसतात. कोणत्या वयात काढले?

"पस्तिशीत," आई म्हणाली.

"सगळे? इतक्या लवकर?" त्यांनी त्या मुलीला लिहून घ्यायची खूण केली. "काय झालं होतं दातांना?"

मला तिचं उत्तर पाठ होतं. लहानपणापासून ऐकलेलं. मी खाली पाहिलं.

आई हातातल्या कवळीकडे बघत राहिली. डॉक्टरांनी प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्याने, तिला ऐकू आलं नसेल असं समजून.

"काही नाही," आई म्हणाली. "चांगले होते."