फिलोचा अर्ज

हे मी कुमसारातही कधी बोललेले नाही. दर पंधरवड्याला पापं कबूल करायला बसले की जाळीपलीकडच्या फादरांना चिडचीड, आळस, प्रार्थनेत काढलेल्या डुलक्या, असलं किरकोळ सगळं सांगते — आणि हे एवढं गिळून उठते. सिस्टर होऊन वीस वर्षं झाली. आज तुम्हाला का सांगतेय? खरंच माहीत नाही.

आमचं नोव्हिशिएट, म्हणजे सिस्टर होण्याआधी मुलींना जिथे घडवतात ते घर, उत्तनच्या बाजूला होतं. माझ्यासोबत फिलो होती, जवळच्याच डोंगरीची. घर हाकेच्या अंतरावर, पण नोव्हिसला घरी जायची परवानगी नसते. तिने कधी कुरकुर केली नाही. सगळ्यांचे बोंबील एकटी साफ करायची, वर गुणगुणायची. देवाने आपल्याला बोलावलंय यात तिला तिळमात्र शंका नव्हती. मला होती. खूप होती. तिचा हेवा वाटायचा — नाही, हेवा म्हणजे फारच सौम्य झालं. राग यायचा तिचा.

पहिल्या व्रतांआधी प्रत्येकीने वरिष्ठांना स्वतःच्या हाताने अर्ज लिहायचा असतो, की मी स्वखुशीने व्रतं मागते. तोही इंग्लिशमध्ये. फिलोचं इंग्लिश यथातथाच, मी भाईंदरला इंग्लिश शाळेत शिकलेली. दुसरीची मदत घ्यायची नाही असा नियम होता. तरी मी गुपचूप तिला मसुदा करून दिला आणि तिने तो एकही खाडाखोड न करता उतरवून काढला.

त्यात मी एक वाक्य घातलं होतं — देवाचं बोलावणं मला आहे की नाही याची खात्री वाटत नाही, मला वेळ हवा आहे.

ते वाक्य माझं होतं. माझ्या अर्जात लिहायची छाती झाली नाही, म्हणून तिच्या अर्जात लिहिलं. असं लिहिणारीचं काय करतात ते मला बघायचं होतं का? की तिलाही माझ्यासारखंच करून टाकायचं होतं? दोन्ही असेल.

घरी पाठवतात. फिलोलाही पाठवलं; वर्षभर विचार कर, म्हणाले. फिलो रडत माझ्याकडे आली, "अगं, मी असा काय लिवला?" — आणि मी म्हटलं, उतरवताना तुझंच काहीतरी चुकलं असेल. तिला ते लगेच पटलं. मला ओरडा बसेल म्हणून वरिष्ठांपुढे तिने माझं नावही घेतलं नाही. आमच्यात खुलासे देणं म्हणजे अहंकार समजतात, तेही माझ्या पथ्यावर पडलं.

त्याच वर्षी तिची आई अंथरुणाला खिळली. फिलोचं परत येणं राहिलं ते राहिलंच. मी व्रतं घेतली.

आता मी भाईंदर पूर्वेला असते. सणासुदीला डोंगरीला गेले की ती भेटते. लग्न केलं नाही. एका वयाच्या आम्ही, पण मला अहो-जाहो करते. गेल्या वेळी तिने माझा हात धरला. "माझीच चूक, सिस्टर. नीट बगून लिवला न्हाय. तुमी सांगा, देव माफ करल ना मना?"

सांगायला म्हणूनच मी तोंड उघडलं. देवाशपथ, सांगायलाच — पण बाहेर आलं ते एवढंच, "करेल."

तिला फार बरं वाटलं.