चांदणी लावून बैल शोधला

माझा चोरीला गेलेला हौश्या मला घाटंजीच्या बाजारात दिसला, दुसऱ्याच्या खुंट्याला. त्या सालांत कापूस हातचा जायचा आणि मागोमाग गोठे रिकामे व्हायचे; कोणाचे विकून, कोणाचे चोरीनं. त्याची शिंगं तासून वर रंग लावला होता. पण डाव्या डोळ्याखालचा अर्धाच पांढरा पट्टा कोण तासणार? वासरू असल्यापासून माझ्या बायकोनं त्याला हातानं चारलं. आम्हाला लेकरू नव्हतं. ती हिवाळ्यात गेली. मागं हा एवढाच जीव उरला होता.

व्यापारी म्हणाला, "काकाजी, पट्टा काय एकाच बैलाले असते? म्या पैसे मोजून घेतला. सबूत आणा, नाई तं दिवस बुडायच्या आत गाडी भरतो."

"आणतो. तोवर त्याले हलवू नको."

गेल्या पोळ्याला मी तापानं पडलो होतो, म्हणून तोरणाखाली हौश्याला बायकोच घेऊन गेली. स्टुडिओवाला तिथं सगळ्यांच्या बैलांचे फोटो काढत होता. हौश्याचाही काढला, पण तिनं तो विकत घेतला नाही. म्हणे, बैल घरीच हाय, कागदावर कायले पाह्यजे?

स्टुडिओ बाजारातच होता. मालकाची बायको कम्प्युटरवर बसली होती. तिनं माझं नाव टाकलं. काही निघालं नाही.

"नाव कोणं सांगतलं होतं, काकाजी?"

"माह्या बायकोनं."

ती हसली. "मंग असं बोला ना. पोळ्याले नावं म्याच लिहून घेत होती. बाया नवऱ्याचं नाव थोडीच घेते! अमक्याचे बाबा, ढमक्याचे बाबा."

तिनं एक चांदणी, * अशी खूण, टाकली आणि पुढं 'बाबा' लिहिलं. चांदणी कशाची, मी विचारलं.

"जे ठाऊक नाई त्याच्या जागी ठेवाची. तिथं एक अक्षर असो का दहा, चालते. जेवढे बाबा हायेत तेवढे निघते."

"फुकटची मेहनत. मी कोणाचा बाबा नाई."

"पाहू तं द्या."

पडद्यावर अर्ध्या तालुक्यातल्या पोरांचे बाप उतरले. ती एकेक वाचत गेली, मी नाही म्हणत गेलो. मग ती थांबली.

"हा हौश्या कोण?"

मी बाजूच्या स्टुलावर बसलो. हौश्याचे बाबा. माझी बायको तसं सांगून आली होती, आणि घरी येऊन मला बोलली नव्हती.

फोटोत शिंगं होती तशीच, लांब. डोळ्याखाली अर्धा पट्टा. दावं तिच्या हातात, आणि ती कॅमेऱ्याकडं नाही, बैलाकडं पाहत होती.

दिवस असतानाच मी छापलेला फोटो घेऊन परत गेलो. व्यापाऱ्यानं फोटो बैलाच्या तोंडाजवळ धरला. दोनदा इकडं पाहिलं, दोनदा तिकडं.

"हे बाई कोण?"

"त्याची माय."

त्यानं स्वतःच्या हातानं दावं सोडलं. मी आभार मानले नाहीत. बैल माझा होता.