अक्कांनी मांडलेलं स्वयंपाकघर

ज्या घरात कुणीच राहत नाही, तिथं पाऊल टाकताच घरातलं माणूस आत्ताच शेजारी गेलंय असं वाटावं, ही किमया आमच्या अक्कांची. दोन हजार सालच्या आसपास मी मंगळवार पेठेत एका बिल्डरकडं गिऱ्हाइकांना नमुना फ्लॅट दाखवायचं काम करत होते. साहेब पुण्याला जाऊन कुठलातरी सजवलेला फ्लॅट बघून आले आणि आपल्याही स्वयंपाकघराला 'थीम' पाहिजे म्हणून हटून बसले. लग्नात रुखवत मांडण्यात अक्कांचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून मीच ओळखीनं त्यांना गडहिंग्लजहून बोलावलं.

साहेबांनी अर्धा तास थीम समजावून सांगितली. विभूतीचं कपाळ जराही न हलवता अक्कांनी ऐकून घेतलं. "म्हंजे हितं कोण नांदतंय त्ये आधी ठरवायचं. सोपं हाय की." त्यांनी लगेच ठरवूनही टाकलं. नवी नवरी.

साहेबांनी आणलेली प्लास्टिकची फळं त्यांनी "देव्हाऱ्यात ठेव जा साहेबाच्या" म्हणून माझ्याच हाती परत पाठवली. स्वतःच्या पेटीतून पितळेचे डबे काढले, क्रोशाचे रुमाल काढले. बरणीत खरी शेंगाचटणी भरली, दुरडीत कडक भाकरींची चवड रचली. मग मला ओट्यापाशी उभं करून म्हणाल्या, "हात वर कर बघू." माझा हात पोचला तिथं सुताराकडून मांडणी ठोकून घेतली.

"माझ्या मापानं कशाला, अक्का?"

"तुझ्याएवढीच हाय ती."

मी हसले. कोण, ते विचारायचं सुचलंच नाही.

आठवड्याभरानं सकाळी कुलूप काढलं, तर ओट्यावर एक कप पालथा घातलेला, ओला. नळाला अजून पाणी आलं नव्हतं आणि चावी माझ्याच पर्समध्ये होती. पुढं हे रोजचंच झालं. भाकरीही कमी व्हायच्या. वॉचमनचा उद्योग असेल, असं मी स्वतःला बजावायची. पण आमचा वॉचमन खाल्ल्यावर कप विसळणाऱ्यांतला नव्हता.

गिऱ्हाइकांचंही विचित्र होतं. दारात चपला काढायची, आपोआप हळू बोलायची आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरूनच मागं फिरायची. "राहतं घर दाखवताय होय?" एकानं मला चक्क झापलं. शेवटी साहेब म्हणाले, दिवाळीच्या आत विकला नाही तर हे सगळं काढून टाका.

मांडून झालं तरी अक्का गडहिंग्लजला परतल्या नव्हत्या; मी निरोप सांगितला तेव्हा त्या डबे पुसत होत्या. त्या तशाच पुसत राहिल्या. त्यांची लेक सुमन लग्नाला आठ दिवस असताना तापानं गेली होती, हे मला तेव्हाच कळलं. रुखवत पेटीत तसंच राहिलं होतं. "समदं तिचंच हाय ह्ये. कधी न्हाय ती नांदाय लागलीया. एवढ्यात मोडू नगंस, बाई." त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकं टाळायला लागले.

पण पेठ वडगावचं एक जोडपं न सांगताच आलं. तो शाळामास्तर, तिच्या हातातला हिरवा चुडा अजून उतरला नव्हता. तिला फ्लॅट फार आवडला. फक्त स्वयंपाकघराच्या दारात ती थांबली. "आत कुणीतरी आहे," म्हणाली, आणि पदर सावरून तिथंच उभी राहिली, पाहुण्यासारखी.

अक्का तिच्याकडं बघतच राहिल्या. स्वतःच्या होणाऱ्या घराच्या दारात एक नवरी अवघडून उभी होती. मग त्या म्हणाल्या, "ये की आत. तुझंच हाय." आणि मला, "कागुद करून टाक जा."

चावी द्यायच्या दिवशी आम्ही दोघींनी सगळं उतरवलं. भिंतीवर मांडणीचे खिळे तेवढे राहिले. अक्कांनी येताना वाटीत दही-साखर आणली होती, बाहेर पडणाऱ्याच्या हातावर घालतात तशी. मी दारात उभी होते. माझ्यासाठीच असेल म्हणून हात पुढं केला.

"जा आता, बाळ," अक्का म्हणाल्या. "दुसरीचं घर हाय ह्ये. आडून बसू न्हाई."

त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. बघत होत्या ओट्याकडं, जिथं त्यांनी मला मापाला उभं केलं होतं.

मी हात मागं घेतला आणि वाट द्यायला दारातून बाजूला झाले.