पास झालेलं पाणी

गल्लीत ब्लीचिंग पावडर टाकली की मला सोलापूरजवळच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातली ती दुपार आठवते; तिथेही हीच पावडर वापरायचो. मी तिथे ऑपरेटर होतो आणि पाण्यात हवा सोडणारं मशीन दोन महिने बंद होतं, म्हणजे घाण पाणी तसंच बाहेर जात होतं. तपासणीचे साहेब आले तेव्हा मी नमुन्याची बाटली बोअरच्या नळाखाली भरून दिली आणि ती बघूनच त्यांनी पाणी पास केलं. ते गेल्यावर, केंद्राचं पाणी ज्यात सोडायचो त्या ओढ्यावरचा मेंढपाळ आला. त्याला मी रोज इथलं पाणी पाजू नको म्हणायचो. "पानी पास झालं म्हंत्यात. आता मेंढरांना पाजू का?" नको म्हटलं तर बिंग फुटेल म्हणून मी होकारार्थी मान हलवली. आठवड्याने तो पाच मेंढरं पुरून आला. "पास झालं हुतं की सायेब," एवढंच म्हणाला. मीच त्याच्यावर खेकसलो, "ओढ्यात सोडायला पास झालं होतं, प्यायला नाही!" आजही मी नाक दाबतो, पण तो वास पावडरीचा नसतो.