लालवाल्यांच्या जर्स्या

संक्रांतीच्या आदल्या रविवारी सकाळी साडेदहाला आमच्या ओसरीवर गावच्या फुटबॉल संघाच्या जर्स्यांसाठी सहा हजार तीनशे रुपये जमा झाले. जर्स्या चौदा, दर साडेचारशे. हजर चौघे: मी, माझा मोठा भाऊ, वहिनी आणि संघाचा कॅप्टन. कॅप्टन बावीस वर्षांचा आहे आणि भंडाऱ्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला जातो. वर्गणी माझ्याकडे ठेवतात, कारण मी पावती दिल्याशिवाय पैसे घेत नाही आणि घेतल्याशिवाय देत नाही.

पैशांचा प्रश्न नव्हता. प्रश्न रंगाचा होता. संघ सुरू झाला तेव्हापासून जर्सी लाल. या वर्षी पोरांना निळी हवी होती, टीव्हीवर दिसणाऱ्या एका मोठ्या परदेशी क्लबासारखी. भावाला लालच हवी होती.

भावाला दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. डावा पाय ओढत चालतो, शब्दही मधेच अडखळतो. शेती पुतण्या बघतो, देणेघेणे वहिनी बघते. विचारल्याशिवाय पान हलत नाही अशी एकच गोष्ट त्याच्याकडे उरली होती, ती म्हणजे हा संघ. कारण मैदान त्याचे आहे. शहापूरच्या वाटेवर आमची एक मोठी बांधी, म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत, आहे. कालव्याचे पाणी येऊ लागल्यापासून आजूबाजूच्या सगळ्या बांध्यांत उन्हाळी धान लागते. भाऊ ही एक बांधी धान कापल्यावर मोकळी ठेवतो. पोरे कुदळीने धसकटे काढतात, दोन्ही टोकांना बांबू रोवतात आणि चारी बाजूंचे धुरे, म्हणजे मातीचे बांध, याच मैदानाच्या रेषा. बॉल धुऱ्यावर चढला की बाहेर.

लाल रंग आमच्याकडे कसा आला ते सांगायला हवे.

मी नऊ वर्षांचा होतो, भाऊ अठराचा. बाबा भंडाऱ्यातल्या एका मिशन दवाखान्याच्या स्वयंपाकघराला तांदूळ पोचवत. तिथले डॉक्टर स्कॉटलंडचे. ते म्हातारपणी मायदेशी परतले तेव्हा त्यांनी घरातले सामान ओळखीच्या लोकांना वाटून दिले. बाबांच्या वाट्याला एक पत्र्याची पेटी आली. बाबांना पेटी कामाची होती आणि आईला आतले कागद, फळ्यांवर अंथरायला. भावाने ते कागद उघडून पाहिले आणि आईला एकही दिला नाही. ते स्कॉटलंडच्या फुटबॉलचे जुने अंक होते.

फोटो बहुतेक काळेपांढरे. गुडघ्यापर्यंत चिखल लागलेले खेळाडू, मागे धुके आणि धुक्यात टोप्या घातलेली हजारो माणसे उभी. बाबांनी एक फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

“हे काय, धानाचा रोवणा करून आले काय?”

“बॉल खेळून राहिले बाबा.”

“एवढ्या चिखलात? मंग आपल्याच सारखे हायेत.”

नावे आम्हाला उच्चारता येत नव्हती, म्हणून खेळाडूंना दिसण्यावरून ओळखायचे. एक टक्कलवाला. एक पट्टीवाला, कपाळावर पांढरी पट्टी बांधून उडी मारताना. आणि एक मोजेवाला, बारीक अंगाचा, मोजे घोट्यापर्यंत घसरलेले, कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ बॉलवर पाय ठेवून उभा. त्याच्यासमोर दुप्पट आकाराचा माणूस होता, आणि घाबरलेला दिसत होता तो मोठा माणूसच. भाऊ तेव्हापासून गावात मोजेवाला झाला. तो अनवाणी खेळायचा, मोजे त्याने कधी घातलेच नाहीत, तरी आजही त्याच्या वयाचे लोक त्याला मोजेवाला म्हणूनच हाक मारतात.

रंगीत मुखपृष्ठ एकाच अंकाला होते. त्यावर अकरा माणसे दोन रांगांत, लाल जर्सीत. मोजेवाला पुढच्या रांगेत डावीकडून दुसरा. क्लबाचे नाव भावाने अक्षर अक्षर पाठ केले, पण घरात कोणी ते नाव घेतले नाही. आम्ही त्यांना लालवाले म्हणायचो. पोळ्याला मिळालेल्या पैशांतून आणि आईने विकलेल्या लाखोरीच्या डाळीतून पहिल्या अकरा लाल बनियन्या रंगवून घेतल्या. पहिल्या धुण्यात त्यांचा रंग सगळ्यांच्या पाठीवर उतरला.

एका अंकात बाण काढून एक आकृती दिली होती. भावाला मॅट्रिकला इंग्रजीत पस्तीस मार्क, तरी शब्दकोश घेऊन त्याने तो लेख महिनाभर वाचला. मतलब असा होता की बॉल घेऊन एकट्याने धावणे ही जुनी चाल, आणि बॉल एकमेकांना देत पुढे जायची चाल ही स्कॉटलंडच्या लोकांची. आमच्या बांधीला हीच चाल सोयीची होती. धसकटात बॉल चार हातांपुढे जात नाही. लांब मारायचे म्हटले तरी मारता येत नाही. म्हणून आमचा संघ जवळजवळ राहून, पायातून पायात बॉल देत खेळायला शिकला, आणि पंचक्रोशीत त्यासाठी ओळखला गेला.

पण फोटोंतून शिकण्यात एक गफलत होते. फोटोत जे दिसते ते सगळेच नियम वाटतात. त्या अंकांतल्या प्रत्येक गोलकीपरच्या डोक्यावर टोपी होती. उन्हासाठी असेल, सवय असेल, आम्हाला काय ठाऊक. आमचा गोलकीपर त्याच्या वडिलांची टोपी घालून उभा राहायचा. कोंढ्याला पहिला मोठा सामना झाला. आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेलो, मी बॉल सांभाळायला होतो. कोंढ्याने पहिला गोल केला, मग आमच्या भावाने खेळ थांबवला.

“त्यायच्या गोलकीपरले टोपी नाही,” तो पंचांना म्हणाला. पंच म्हणजे तिथल्या शाळेतले पीटीचे गुरुजी.

“मंग?”

“टोपीबिना गोलकीपर चालत नाही जी. नियम हाय.”

“कोनत्या पुस्तकात हाय?”

भावाने शर्टात खोवलेले तीन अंक काढले. गुरुजींनी पाने उलटली. एक, दोन, पाच, आठ, सगळे टोपीवाले. गुरुजी डोके खाजवू लागले. दोन्हीकडच्या लोकांची बाचाबाची सुरू झाली. शेवटी धुऱ्यावर बसलेले कोंढ्याचे एक म्हातारे पाटील उठले, स्वतःच्या डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि आपल्या गोलकीपरच्या डोक्यावर ठेवली.

“घ्या बाप्पा, झाला तुमचा कायदा. आता हारा लवकर, आमाले ढोरं बांधाची हायेत.”

आम्ही तीन एकने हरलो. परतीच्या ट्रॉलीत भाऊ म्हणाला, “पन नियमानं हारलो.”

पुढे घरात शॉर्टवेव्हचा रेडिओ आला. शनिवारी जेवणे झाली की भाऊ कानाला लावून बसायचा. परदेशी स्टेशनवर एक माणूस स्कॉटलंडच्या सामन्यांचे निकाल वाचायचा. त्याच्या आवाजाच्या चढउतारावरूनच कोण जिंकले ते कळायचे. पहिल्या संघाचे नाव चढत गेले की तो जिंकलेला, उतरले की हरलेला. हिरव्या पट्ट्यांचा संघ यायचा, गडद निळा यायचा, काळ्यापिवळ्याचेही नाव यायचे. लालवाल्यांचे कधी आले नाही.

“त्यायची मॅच रविवारी राहत असन,” भाऊ म्हणायचा. रविवारी तो परत रेडिओ लावायचा. मग घरात टीव्ही आला, रेडिओची बटणे गंजली, भावाचे लग्न झाले, तो खेळायचा थांबला आणि खेळवू लागला. लालवाले जसे होते तसे राहिले.

तर त्या रविवारी ओसरीवर कॅप्टन म्हणाला, “बाबाजी, असा लाल आता कोनीच घालत नाही जी.”

“काहून? स्कॉटलंडात घालते ना.”

“कोनती टीम? नाव सांगा, मॅचच लावून देतो मोबाइलवर.”

भावाने मान वर केली. “दिसते काय?”

“सारंच दिसते जी आता.”

भावाने एकेक अक्षर सांगितले. जीभ दोनदा अडली, पण एकही अक्षर चुकले नाही. मग वहिनीला म्हणाला, “माहा चश्मा आन.”

“आनते,” वहिनी म्हणाली. “लगन झाल्यापासून लालवाले लालवाले आयकून राहिली मी. पाहू द्या एकडाव मलेबी, कसे दिसते त.”

ती चष्मा घेऊन आली तोपर्यंत कॅप्टनचा अंगठा थांबला होता. त्याने फोन माझ्याकडे केला. “काकाजी, तुमी वाचा.”

मी दोनदा वाचले. क्लब बंद पडलेला होता. पैसा पुरला नाही, मग खेळाडू पांगले, मग मैदानही गेले. पेटी आमच्या घरी आली त्याच्या कितीतरी वर्षे आधी.

वहिनीने माझा चेहरा पाहिला आणि भावाच्या पाठीमागून नकारार्थी मान हलवली. मला तिचे म्हणणे कळत होते. आज मॅच नाही, एवढे म्हटले असते तर चालून गेले असते. पण तो पुढच्या रविवारी चष्मा लावून बसला असता, आणि त्याच्या पुढच्याही. त्याने आयुष्यातले कितीतरी रविवार असेच काढले होते, तेव्हा निदान कोणाला ठाऊक तरी नव्हते.

“भाऊ, तो क्लब बंद झाला.”

“कवा?”

“तू पाटी घेऊन शाळेत जात होता तवाच.”

भाऊ फोनकडे बघत राहिला. चष्मा त्याच्या हातातच होता.

“आन मोजेवाला?”

“त्याचं काही लिहिलं नाही.”

तो म्हणाला, “म्हनून रेडिओवाला नाव घेत नव्हता.”

कॅप्टनने फोन परत घेतला. “म्हनजे बाबाजी,” तो म्हणाला, “तुमची टीम चाळीस वर्सांत एकबी मॅच हारली नाही.”

वहिनीने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिले. पण भाऊ हसला. लकव्यापासून त्याचे हसू एका बाजूलाच जाते. त्या दिवशी ते बरेच लांब गेले. मग ते ओसरले.

“निळीच घ्या,” तो म्हणाला. “मेलेल्याच्या नावानं पोरायले कायले अडवू मी?”

काठी घेऊन तो आत गेला. संध्याकाळी मी गायवाड्यात असताना तो पुतण्याशी बोलत होता. पुढल्या साली मैदानाच्या बांधीतही उन्हाळी धान लाव, पाणी फुकट जाऊन राहिलं, असे म्हणत होता. पुतण्या “हो” म्हणाला. तो बरेच दिवस याच शब्दाची वाट बघत होता, आणि त्यात त्याची काही चूक नाही. ती बांधी चांगले पीक देणारी आहे.

मी हे कॅप्टनला सांगितले नाही. सांगितले असते तर त्याने मैदान टिकवायला म्हणून लाल घेतली असती आणि ते मैदानाचे भाडे झाले असते. भावाला तशी लाल नको होती. दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. वहिनीने मला काही म्हटले नाही, फक्त चहा बिनबोलता ठेवला.

संक्रांतीला कॅप्टन तिळगूळ द्यायला आला. भाऊ आतल्या खोलीत पडून होता, दार उघडे होते. कॅप्टनने त्याच्या पाया पडून बाहेर येऊन मला सांगितले, “काकाजी, लालच घ्या.”

“काहून? परवा त निळी पाहिजे होती.”

“पोरायले सांगितलं मी सारं. निळ्याच्या टीमा तालुक्यात चार हायेत. कोनाले पास द्याव तेच समजत नाही, मांगच्या साली मीच एक बॉल दुसऱ्याच्या मानसाले देऊन बसलो होतो. आन पोरं म्हनते का लालवाल्यायचं आता दुसरं कोनीच नाही, आपनच हाओत. त आपन कायले सोडाव.” त्याने तिळगूळ माझ्या हातावर ठेवला. “गोलकीपर म्हनते, मले टोपीबी पाहिजे.”

“टोपी कायले?”

“नियम हाय म्हनते.”

आतून खाट वाजली. भाऊ उठून बसला होता.

“टोपीचे पैसे वर्गणीतून नोको घेऊ,” तो आतून म्हणाला. मग थोड्या वेळाने पुतण्याला हाक मारली आणि म्हणाला, “त्या बांधीचं राहू दे.” पुतण्या याही वेळी “हो” म्हणाला, पण जरा उशिरा. वहिनीने मला त्या दिवशी तिळगूळ दिला आणि चहा देताना साखर किती ते विचारले.

पुढच्या शनिवारी मी आणि कॅप्टन भंडाऱ्याला गेलो. चौदा लाल जर्स्यांचे सहा हजार तीनशे रुपये खेळाच्या सामानाच्या दुकानातल्या बाईंना दिले आणि पावती घेतली. टोपीचे एकशे वीस रुपये मोठ्या बाजारातल्या टोपीवाल्याला दिले. ते भावाच्या खिशातले होते. याची पावती मागू नको, असे त्याने निघताना सांगितले होते, म्हणून मागितली नाही.